धावदोऱ्याचा रस्ता

आजच्या भागात रस्त्याचा इतिहास, पण जमिनीवर अंथरलेल्या रस्त्याचा. गेल्या महिन्यात मी माझ्या चार वर्षांच्या भाच्यासाठी खेळण्यातल्या गाड्यांची चटई शिवली. दिवसभर कोड लिहिणारा माणूस आईच्या शिलाई मशीनवर! हसू नका.

आधी गाडीपासून सुरुवात. लंडनच्या लेस्नी कंपनीतल्या जॅक ओडेलच्या मुलीच्या शाळेत एक नियम होता: काडेपेटीत मावेल एवढंच खेळणं आणायचं. म्हणून त्याने तिला पितळेचा इवलासा रोड रोलर बनवून दिला. त्यातूनच १९५३ मध्ये ‘मॅचबॉक्स’ गाड्या आल्या. म्हणजे पहिल्या गाड्यांमध्येच रस्ता तयार करणारं यंत्र होतं!

आता माझा रस्ता. अशा छोट्या गाड्या खऱ्या गाडीच्या साधारण एक चौसष्टांश असतात. आपल्याकडे मोठ्या रस्त्याची एक लेन साडेतीन मीटरची धरतात. ३५० सेंटिमीटर भागिले ६४, म्हणजे जवळपास साडेपाच. दोन लेनचे ११ सेंटिमीटर, दोन्ही बाजूंना दुमडायला एकेक, म्हणून जुन्या काळ्या जीन्सच्या १३ सेंटिमीटर रुंद पट्ट्या कापल्या. खाली आजीची हिरवी सुती साडी, चौपदरी.

दोन सुया तुटल्या. आई म्हणाली, “अरे, जाड कापडाला १६ नंबरची सुई लाव. आणि आधी कच्चे टाके घाल, नाहीतर पट्टी सरकते.” ऐकलं, आणि जमलं.

मधली तुटक पांढरी रेघ मात्र मशीनवर येईना. आईने हातात सुई दिली: “धावदोरा घाल की!” गोधडीचा टाका तो. एकदा वर, एकदा खाली. झाली तुटक रेघ!

खऱ्या रस्त्यावर ही मधली रेघ अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये १९११ साली आली. एडवर्ड हाइन्स नावाच्या रस्ते-अधिकाऱ्याने ती मारून घेतली. दुधाच्या गाडीतून गळणाऱ्या दुधाची पांढरी रेघ पाहून त्याला हे सुचलं, असं सांगतात.

चटई तयार. भाच्याने गाड्या पळवल्या, मग प्लॅस्टिकचा एक माणूस कडेला उभा केला आणि विचारलं, “मामा, हा पलीकडे कुठून जाणार?”

मी गप्प. लेनचा हिशेब मिलिमीटरमध्ये केला होता, पण चालणारा माणूस माझ्या डोक्यातच नव्हता.

खऱ्या रस्त्यांचंही असंच झालं. ब्रिटनमध्ये १९३४ पासून पादचाऱ्यांसाठी क्रॉसिंग होती, पण रस्त्यात ठोकलेल्या धातूच्या खुणा चालकांना नीट दिसत नसत. १९४९ मध्ये पट्ट्यांचे प्रयोग झाले आणि १९५१ मध्ये झेब्रा क्रॉसिंग कायद्यात आलं. गाड्यांना वेगळं करणारी रेघ १९११ ची, माणसाला ठळक वाट देणारे पट्टे १९५१ चे. चाळीस वर्षांचं अंतर!

आपण लहानपणी गल्लीत क्रिकेट खेळलो. भाच्याच्या गल्लीत दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या असतात, म्हणून त्याचा रस्ता हॉलमध्ये. त्यावर तरी माणसाला जागा हवी ना?

त्या रात्री जुन्या पांढऱ्या बनियनच्या पट्ट्या कापल्या आणि झेब्रा शिवला. शिलाई वाकडी आहे. पण आता भाचा तिथे प्रत्येक गाडी थांबवतो, प्लॅस्टिकचा माणूस पलीकडे जाईपर्यंत.

तुम्ही थांबता का? भेटू पुढच्या भागात!