निम्म्या अंतराचा मागोवा

महाराष्ट्र पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर धावायचे असते, मुलींना ८००. गुण दोघांनाही वीसच. खानदेशातल्या, जामनेर तालुक्यातल्या पहूरसारख्या गावात पळण्याचा सराव म्हणजे बहुतेक वेळा भरतीचाच सराव. त्यामुळे हा आकडा परीक्षेपुरता उरत नाही. सोळाशेच्या तयारीसाठी मुलगा रोज पाच-सात किलोमीटर पळतो. मुलीला मात्र ‘तुला आठशेच तर मारायचेत’ असे म्हणून दोन-तीन किलोमीटरवर थांबवले जाते. हे निम्मे अंतर बाईच्या अंगात कुठे लिहिलेले आहे?

बेळगावचे फडेप्पा चौगुले १९२० साली अँटवर्पला ऑलिम्पिक मॅरेथॉन धावले आणि एकोणिसावे आले. त्या काळी ऑलिम्पिकच्या मैदानावर बाईला धावायला शंभर मीटरचीही शर्यत नव्हती. १९२८ला ॲमस्टरडॅममध्ये पहिल्यांदा महिलांची ८०० मीटर झाली. जर्मनीची लीना राडके जिंकली, जपानची हितोमी किनुए दुसरी आली. अंतिम फेरीतल्या नऊच्या नऊ जणींनी शर्यत पूर्ण केली. तरीही बायका धापा टाकत कोसळल्याची वर्णने वर्तमानपत्रांतून गाजली आणि ती शर्यतच काढून टाकली गेली. ती परत आली १९६०मध्ये, रोमला. दमलेला पुरुष जिद्दीचा ठरतो आणि दमलेली बाई अशक्त, हा निवाडा तेव्हापासूनचा आहे आणि तो मला आजही संतापजनक वाटतो.

पुढची दारे फार सावकाश उघडली. १५०० मीटर १९७२ला, मॅरेथॉन १९८४ला, म्हणजे चौगुल्यांनंतर चौसष्ट वर्षांनी. १०,००० मीटर १९८८ला, ५,००० मीटर १९९६ला, अडथळ्यांची शर्यत म्हणजे स्टीपलचेस तर २००८ला. जागतिक क्रॉस-कंट्रीत स्त्री-पुरुषांचे अंतर सारखे, १० किलोमीटर, झाले ते २०१७मध्ये. शर्यत जेवढी, सराव तेवढा. जी शर्यतच नाही, तिच्यासाठी कोणता प्रशिक्षक मुलीला आठवड्याला शंभर किलोमीटर पळवणार होता?

दार उघडल्यावर काय झाले, ते आपल्याच मुलींनी दाखवले. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१०च्या दिल्ली राष्ट्रकुलात १०,००० मीटरचे कांस्य मिळवले आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ला रिओत स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली, दहावी आली. ही शर्यत आणखी दहा वर्षे उशिरा आली असती, तर ललिताला ऑलिम्पिकमध्ये ती धावताच आली नसती.

तरीही सरावात फरक दिसतो, हे मान्य केले पाहिजे. अमेरिकेच्या २००४च्या ऑलिम्पिक मॅरेथॉन निवड चाचणीला पात्र ठरलेल्या धावपटूंची पाहणी झाली, तेव्हा पुरुषांचा आठवड्याचा सराव सरासरी १४५ किलोमीटर निघाला, स्त्रियांचा ११६. पण यातला बराचसा हिशेब घड्याळाचा आहे. चार मिनिटांना किलोमीटर पळणारा दीड तासात साडेबावीस किलोमीटर जातो. साडेचार मिनिटांना पळणारी तेवढ्याच वेळात वीस. हृदयाला आणि पायांना मेहनत जवळपास तेवढीच. उरलेल्या फरकात पोट, रक्त आणि हाडे येतात. महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. कमी खाऊन जास्त पळणाऱ्या मुलीची पाळी थांबू शकते, हाडांना बारीक तडे जाऊ शकतात. त्यावर उपाय आधी ताटात वाढायचा असतो, मग किलोमीटरकडे बघायचे. किलोमीटर बाईला झेपतच नाहीत असे नाही: ब्रिटनची मॅरेथॉन धावपटू पॉला रॅडक्लिफ तर आठवड्याला दोनशे किलोमीटरच्या पुढे पळत असे.

खानदेशात आणखी एक फरक पडतो. एप्रिल-मे महिन्यांत इथे पारा पंचेचाळिशीकडे सरकतो, म्हणून पळायचे तर उजाडायच्या आत. मुलगा त्या वेळी एकटा निघतो. मुलीला सोबत लागते, रस्त्यावर दिवा लागतो, घरातून होकार लागतो, आणि परतल्यावर चूल-पाणीही तिच्याच वाट्याला असते. तिचे किलोमीटर तिथे कमी होतात.

सैन्याच्या लष्करी पोलीस दलातल्या भरतीत मुलींनाही १.६ किलोमीटरच धावावे लागते. फक्त वेळ जास्त मिळतो. अंतर न छाटता फरक मान्य करता येतो, हे तिथे दिसते. पोलीस भरतीचे आठशे मीटर उद्या बदलोत न बदलोत, सराव आजही बदलता येईल. आठशे मीटरला तीनेक मिनिटे लागतात आणि त्यातली निम्म्याहून अधिक ऊर्जा श्वासातल्या प्राणवायूच्या जोरावर मिळते. तो दम संथ, लांब पळण्याने वाढतो. म्हणून पहूरच्या मुलीच्या वहीत किलोमीटरऐवजी मिनिटे लिहावीत, मुलाइतकीच, हळूहळू वाढवत. तिघी-चौघींनी मिळून निघावे. आणि दर काही महिन्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्यावे.