अपकेंद्री क्लच

अपकेंद्री क्लच हा मोपेड, मिनीबाइक अशा लहान वाहनांत वापरला जाणारा, इंजिनाच्या गतीनुसार आपोआप कार्य करणारा क्लच होय. पुण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंग कंपनीने १९७२ साली बाजारात आणलेली लुना ही मोपेड त्याचे परिचित उदाहरण आहे.

रचना व कार्य

इंजिनासोबत फिरणारे क्लच-शू स्प्रिंगने आत ओढलेले असतात. गती वाढताच ते बाहेर फेकले जाऊन ड्रमवर घट्ट टेकतात आणि घर्षणाद्वारे शक्ती चाकाकडे जाते. गती उतरताच स्प्रिंग त्यांना मागे ओढते. त्यामुळे हाताने क्लच दाबावा लागत नाही.

दोषनिदान

दोष क्लचचा की इंजिनाचा, हे प्रथम ठरवावे लागते; अन्यथा सुस्थितीतील भाग विनाकारण बदलले जातात.

* इंजिनाचा आवाज चढतो, पण वाहन वेग घेत नाही: शूचे लायनर झिजलेले असतात किंवा त्यांवर तेल आलेले असते.
* अॅक्सिलरेटर सोडूनही चाक फिरते: इंजिनाची किमान गती जास्त ठेवलेली असते किंवा स्प्रिंग सैल वा तुटलेली असते. असे वाहन सुरू होताच पुढे झेपावू शकते. म्हणून तपासणी स्टँडवर, चाक अधांतरी ठेवून करतात.
* इंजिनाचीच गती वाढत नाही: स्पार्क प्लग, कार्ब्युरेटर आणि सायलेन्सरमध्ये साचलेली काजळी तपासतात.

टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलमधील ऑइल कमी पडल्यास पिस्टन जाम होऊ शकतो. जास्त झाल्यास प्लगवर काजळी धरते.