पोकळ

मराठीत ‘पोकळ’ या शब्दाच्या वाट्याला चांगलं काही आलंच नाही. धमकी पोकळ, बडबड पोकळ, डौल पोकळ. आणि ‘बडा घर पोकळ वासा’ ही म्हण तर पोरासोरांनाही पाठ. उलट ‘भरीव’ म्हटलं की कौतुकच: भरीव काम, भरीव मदत. मला यात सुताराची नजर दिसते. त्याला वासा भरीवच हवा. कागद करणाऱ्याचा हिशेब मात्र नेमका उलटा आहे.

लाकडाचा तंतू म्हणजे दोन्ही टोकांना निमुळती, बंद अशी नळी. निलगिरीत तिची लांबी जेमतेम 1 मिलिमीटर, आणि जाडी आपल्या केसाहून कितीतरी कमी. नळीची भिंत पातळ आणि आतली पोकळी ऐसपैस असेल, तर लगदा कुटताना-दाबताना ती चपटी होते, फितीसारखी शेजारच्या तंतूला बिलगते, आणि कागद घट्ट, गुळगुळीत उतरतो. भिंत जाड असेल तर नळी नळीच राहते. कागद फुगीर आणि खरबरीत होतो. भिंतीच्या जाडीची दुप्पट भागिले पोकळीचा व्यास, याला रुंकेल गुणोत्तर म्हणतात. ते 1 च्या आत असेल तर तंतू कागदाला चांगला. या पोकळीला वनस्पतिशास्त्रात ‘ल्यूमेन’ असं नाव आहे. लॅटिनमध्ये त्याचा मूळ अर्थ उजेड, आणि उजेड आत येतो ती खिडकीही. आपण ज्याला रिकामं म्हणून हिणवतो, त्याला इतकं सुंदर नाव मिळालं याचा मला आनंद वाटतो.

आता कळक, म्हणजे बांबू घ्या. बल्लारपूरच्या कागद गिरणीत वर्षानुवर्षं बांबू शिजला. त्याचं कांडं आतून ढळढळीत पोकळ. पण त्याचा एकेक तंतू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर भिंत जाड आणि आतली पोकळी चिंचोळी. म्हणजे डोळ्यांना पोकळ दिसणारा बांबू आतून भरीव निघतो! त्याचे तंतू निलगिरीपेक्षा दुपटीहून लांब, म्हणून त्याचा कागद सहजी फाटत नाही.

‘जून’ हा शब्दही ‘पोकळ’सारखाच, ज्याच्या-त्याच्या कामाप्रमाणे चांगला-वाईट ठरणारा. संस्कृत ‘जीर्ण’ प्राकृतात ‘जुण्ण’ झाला आणि आपल्याकडे ‘जुना’, ‘जून’. जून भेंडी कोणी घेत नाही, पण सुतार जून लाकूडच मागतो. कागदासाठी लावलेली निलगिरी आणि सुबाभूळ मात्र चार-पाच वर्षांतच तोडतात. लाकूड जून झालं की गाभ्यात रंगद्रव्यं आणि राळेसारखे पदार्थ साठतात, मग ते शिजवायला आणि पांढरं करायला जास्त रसायनं लागतात.

वहीचं एखादं कोरं पान फाडा आणि फाटलेली कड उजेडासमोर धरा. तिथे जी बारीक लव दिसेल, तेच हे पोकळ तंतू.