केसांची निगा (माढा परिसर)
सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यात, भीमा आणि सीना या नद्यांच्या दरम्यानच्या कोरड्या पट्ट्यात, केस राखण्याची जुनी रीत साधी आहे : आदल्या रात्री खोबरेल, सकाळी शिकेकाई-रिठ्याच्या काढ्याने न्हाणे, सावलीत वाळवणे आणि सैल वेणी. बोअरच्या जड पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम यांच्याशी साबणाचा संयोग होऊन चिकट साका केसांवर बसतो; शिकेकाईतील सॅपोनिनांचा तसा साका होत नाही. फेस मात्र बेताचाच, म्हणून नव्या पिढीला शिकेकाई अपुरी वाटते. मुंबईत झालेल्या व २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल व खनिज तेलांपैकी फक्त खोबरेलानेच केसांतील प्रथिनांची झीज लक्षणीय घटली. तेलाने केस वाढतात, ही समजूत मात्र चुकीची आहे. वाढ मुळाशी, महिन्याला साधारण १ सेंमी. होते; तेल आणि वेणी टोकांची मोडतोड रोखतात, त्यामुळे लांबी टिकते. ही रीत माढ्यापुरती नाही : आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या घट्ट कुरळ्या केसांत टाळूचे तेल टोकापर्यंत सहज उतरत नाही. तेथेही ओलावा, तेल व वेण्या हाच उपाय चालतो. घट्ट अंबाडा किंवा ताणलेली वेणी मात्र कपाळाकडचे केस विरळ करते.