मिरची आपल्या घरात आली कशी, टिकली कशी



गेल्या वर्षी दशलक्षण पर्व आठ दिवसांवर आलं असताना मी माझ्या नातीची एक बरणी ओतून दिली. हा लेख त्या बरणीमुळे लिहायला बसले आहे, म्हणून आधी तिची गोष्ट सांगते.

आमच्या गच्चीवर कुंड्या आहेत, त्यातल्या पाच मिरचीच्या. दोन लवंगी, तीन संकेश्वरी. जूनमध्ये रोपं लावली होती, पुढे झाडं लालेलाल झाली. नात पुण्याला शिकते, ती सुट्टीला आली होती. तिनं मिरच्या तोडल्या, पाव किलो भरल्या. धुऊन, चिरून काचेच्या बरणीत घातल्या आणि वर मिठाचं पाणी. मिरची आणि पाणी यांचं मिळून जेवढं वजन, त्याच्या तीन टक्के मीठ. काट्यावर ग्रॅममध्ये मोजून. माझं शिक्षण बी. कॉम.पर्यंतचं, त्यामुळे हिशेबानं चाललेलं काम मला आवडतंच. मला वाटलं खारातली मिरची आहे, उद्यापर्यंत संपेल.

चौथ्या दिवशी पाणी गढूळ झालं, बुडबुडे वर यायला लागले, झाकण सैल केलं की फुस्स आवाज. विचारलं तर म्हणाली, "आंबतंय आजी. तीन आठवडे ठेवायचं, मग वाटून सॉस करायचा." ती दुपारी झोपली असताना मी बरणी उचलली आणि कढीपत्त्याच्या कुंडीत ओतली. आमच्या सासूबाई, ज्यांना घरात सगळे अव्वा म्हणत, त्यांनी मला लग्नानंतर पहिल्या महिन्यात सांगितलं होतं की या घरात मुरवलेलं लोणचं दुसऱ्या दिवशी राहात नाही. आठ प्रहर, संपलं. त्या गेल्या त्याला अठरा वर्षं झाली, पण ओतताना त्याच माझ्या मागे उभ्या आहेत असं वाटत होतं.

नात उठली. रडली नाही, आरडाओरडाही केला नाही. एवढंच म्हणाली, "आजी, बरणीत जीव होते म्हणून ओतलीस ना? मग ओतल्यावर ते कुठे गेले?" आणि जिना उतरताना, "रविवारी इडलीचं पीठ फुगलं की तू खूश होतेस."

क्षमावाणीला तिचा फोन आला, दोघींनी एकमेकींना उत्तम क्षमा म्हटलं. पण प्रश्न काही मिटला नाही. मग मी वाचायला बसले. मिरचीवर, आपल्या मर्यादांवर, आंबवण्यावर. जे हाती लागलं ते इथे मांडते.

पहिली गोष्ट कळली ती ही, की अव्वांच्या पणजीच्या पणजीच्याही आधी आपल्या घरात मिरची नव्हतीच. मिरची मूळची अमेरिका खंडाची. मेक्सिको आणि दक्षिण अमेरिकेतले लोक हजारो वर्षांपासून ती लावत होते. कोलंबस 1492 मध्ये निघाला तो आपल्याकडच्या काळ्या मिरीच्या शोधात आणि पोचला भलतीकडेच. तिथे त्याला हे तिखट फळ दिसलं. तिथले लोक त्याला 'आही' म्हणत. त्यानं 1493 च्या जानेवारीत आपल्या रोजनिशीत त्याची नोंद केली आणि त्याला मिरीच्याच पंगतीला बसवलं. इंग्रजीत आजही मिरी आणि मिरची दोन्हींना 'पेपर' म्हणतात, तो घोळ तिथून आलेला. वास्को द गामा 1498 मध्ये कालिकतला उतरला, तोही मिरीसाठीच. 1510 मध्ये पोर्तुगिजांनी गोवा घेतला आणि त्यांच्याच गलबतांतून मिरची आपल्या किनाऱ्याला लागली, असं बहुतेक अभ्यासक मानतात. मुंबईकडे एकेकाळी तिला गोवाई मिरची म्हणत, त्यात तिचा पत्ताच आहे.

भाषेतही खूण राहिली आहे. आपली मिरची 'मिरी'वरून आली. गुजरातीत मरी आणि मरचुं. आपल्या सीमाभागातल्या भगिनींना कानडी येतं, त्यांना सांगायला नको: मेणसु म्हणजे मिरी, मेणसिनकाई म्हणजे मिरची. पाहुणीला घरातल्या थोरलीचं नाव दिलं आणि पुढे पाहुणीच घरभर झाली.

तिच्या आधी तिखटासाठी काय होतं? मिरी, पिंपळी, सुंठ, मोहरी. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा यानं बाराव्या शतकात मानसोल्लास लिहिला, त्यात राजाच्या जेवणाची कितीतरी वर्णनं आहेत, मिरची नाही. आपल्या दृष्टीनं त्याहून जवळचं उदाहरण म्हणजे तिसरा मंगरस. हा कर्नाटकातला जैन कवी. नेमिनाथांवर काव्य लिहिणाऱ्या या माणसानं सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला कानडीत सूपशास्त्र नावाचा पाकशास्त्राचा ग्रंथही लिहिला, सगळा शाकाहारी. (कवीनं स्वयंपाकावर लिहावं याचं मला फार कौतुक वाटलं. आमच्या घरातल्या पुरुषांना चहाची साखर कुठे आहे ते विचारावं लागतं.) पोर्तुगीज नुकतेच किनाऱ्याला लागले होते, त्यामुळे मंगरसाच्या चुलीवर मिरची असणं शक्यच नव्हतं. अकबराच्या मुदपाकखान्याची यादी ऐन-इ-अकबरीत आहे, सोळाव्या शतकाच्या शेवटची. तिच्यातही मिरी आहे, आलं आहे, मिरची नाही.

म्हणजे आपल्या जुन्या श्रावकाचारांत मिरचीचं नाव सापडणार नाही, चालते असंही नाही आणि चालत नाही असंही नाही. समंतभद्र आचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात मुळा, ओलं आलं, लोणी, कडुनिंबाची फुलं, केतकी यांची नावं घेऊन त्याग सांगितला आहे, आणि कारणही दिलं आहे: लाभ थोडा, घात फार. मिरची आली तेव्हा कोणा आजीनं, कोणा पंडितांनी याच मापानं ती मोजली असणार. जमिनीखाली वाढते का? नाही. एका झाडासाठी अनंत जीवांचा घात होतो का? नाही. बिया पुष्कळ आहेत, त्यामुळे बहुबीजात मोडते का याची चर्चा अजूनही ऐकू येते. पण वांग्यासारख्या बिया गरात रुतलेल्या नसतात, आत पडदा असतो, बी झटकलं की निघतं, असं उत्तर मी लहानपणापासून ऐकत आले आहे. नाव नसलेल्या वस्तूला त्यांनी नियम लावून पाहिला आणि ती घरात घेतली.

आणि घेतली ती मनापासून. याचं कारण मला वाटतं ते असं. कांदा नाही, लसूण नाही, ओलं आलं नाही. मग भाजीला धार यायची कशानं? मिरी होती, पण मिरीचा वेल घाटाच्या पावसातच येतो आणि ती विकत घ्यायची म्हणजे पैसा मोजावा लागे. मिरची कोणत्याही परसात तीन महिन्यांत हाताशी येते, दख्खनच्या कोरड्या हवेत उत्तम वाळते. बाहेर जाणारा पैसा वाचतो हे कॉमर्सवालीला लगेच पटतं. शिवाय अष्टमी-चतुर्दशीला आपण हिरवी भाजी वर्ज्य करतो, तेव्हा वाळलेली लाल मिरची चालते. चातुर्मासात ज्यांचा हिरव्याचा त्याग असतो त्या घरांत डाळ आणि लाल मिरची यांवरच महिने निघतात.

आता टिकवण्याचं बघा, कारण माझा आणि नातीचा वाद तिथे आहे.

मिरची जगभर गेली आणि जिथे गेली तिथे लोकांना एकच अडचण आली. पीक एकदम येतं, खायची वर्षभर. ज्या मिरच्यांची साल जाड आणि गर ओला, त्या नुसत्या उन्हात वाळत नाहीत, आधी सडतात. मेक्सिकोत म्हणून हालापिन्यो मिरची धुरावर वाळवतात. दमट हवेच्या प्रदेशांत मीठ घालून आंबवतात. कोरियात आंबवलेली लाल मिरचीची गोचुजांग असते, चीनच्या सिचुआनमध्ये वालासारख्या दाण्यांबरोबर मुरवतात. अमेरिकेत लुइझियाना राज्यात एव्हरी बेटावर एडमंड मॅकिलेनी यानं 1868 मध्ये टबॅस्को सॉस विकायला काढला. तिथे बेटाखालीच मिठाचा प्रचंड साठा आहे. मिरच्या मिठाबरोबर वाटून ओकच्या पिंपात भरतात, झाकणावर मिठाचा थर देतात आणि तीन वर्षांपर्यंत ठेवतात, मग व्हिनेगर. नातीनं बरणीत केलं ते याचंच धाकटं रूप.

आत काय घडतं हे तिच्याकडूनच कळलं, फोनवर. मिरचीच्या सालीवर आधीच सूक्ष्म जीवाणू असतात. तीन टक्के मिठात कुजवणारे बहुतेक तग धरत नाहीत आणि आंबट करणारे वाढतात. ते साखर खाऊन लॅक्टिक आम्ल करतात, म्हणून बुडबुडे, म्हणून गढूळ पाणी, म्हणून आंबट वास. हे आम्ल सूक्ष्म जीव करतात हे लुई पाश्चरनं 1857 मध्ये दाखवलं. आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधीपासून संधान म्हणजे मुरवलेलं, आणि चलित रस म्हणजे ज्याची चव-वास बदलला ते, अभक्ष्यात धरलेलं आहे. त्यांच्याकडे भिंग नव्हतं. जीभ होती, नाक होतं, पावसाळ्याचा अनुभव होता. पिठाची मर्यादाच बघा: हिवाळ्यात सात दिवस, उन्हाळ्यात पाच, पावसाळ्यात तीन. हवेतला ओलावा वाढला की दिवस कमी. हे कोणीतरी डबे उघडून बघून ठरवलेलं आहे.

आपल्या बायकांनी मिरची टिकवली ती पाणी काढून. चैत्र-वैशाखात गच्चीवर जुनेऱ्यावर पसरायची, संध्याकाळी गोळा करायची, देठं खुडायची, पुन्हा ऊन. ब्याडगीची साल पातळ, ती सुरकुतून छान वाळते, रंग देते. संकेश्वरी तिखट देते. दोन्ही मिळवून कांडपावर न्यायची आणि वर्षाची चटणी करून आणायची. आमच्यात अर्थात कांदा-लसूण न घालता: धने, खोबरं, तीळ, दगडफूल. बरणीच्या पद्धतीत कोणाला तरी वाढवायचं असतं, गच्चीच्या पद्धतीत कोणालाच वाढू द्यायचं नसतं. मिरची दोन्हीत टिकते. आपल्या आज्यांनी दुसरी वाट धरली, आणि दख्खनच्या उन्हानं साथ दिली.

इथपर्यंत वाचल्यावर मला फार बरं वाटलं होतं. मग इडली आठवली.

मैत्रिणींनो, खरं सांगते, या प्रश्नाला माझ्याकडे धड उत्तर नाही. पीठ रात्रभर आंबतं ते तसल्याच जीवाणूंनी. काही घरांत म्हणूनच आंबवलेली इडली करत नाहीत, आमच्याकडे करतात. दह्याला आपण आठ प्रहरांची मर्यादा पाळतो, मुरवलेल्या लोणच्यालाही तीच. म्हणजे आंबणं मुळातच नको असं नसून किती वेळ, हा हिशेब आहे असं मी नातीला म्हटलं. ती म्हणाली, "मग वर्षाच्या चटणीचा हिशेब?" तोही बरोबर. दळलेल्या मसाल्याला पिठाचीच मर्यादा. महाराजांचा आहार असतो तेव्हा चौक्यात आपण मिरची ताजी कुटतो, वर्षाची चटणी तिथे नेत नाही. घरच्या आमटीत मात्र रोज घालतो. अव्वाही घालत होत्या. अव्वांना मी कधी विचारलं नाही, आणि आता विचारायला त्या नाहीत.

बरणी माझ्या स्वयंपाकघरात नको, हे माझं मत अजूनही तेच आहे. पण ती न विचारता ओतायला नको होती. झालं काय तर खारं पाणी मुळांना लागून पंधरा दिवसांत कढीपत्ता करपला. सात वर्षांचं झाड होतं. बरणीतले जीव गेले, झाडही गेलं, आणि पोरगी महिनाभर माझ्याशी मोजकं बोलली. लाभ थोडा, घात फार.

या वर्षी त्याच कुंडीतली माती बदलून नवा कढीपत्ता लावला आहे. नात दिवाळीला आली तेव्हा मिरचीचं बी घेऊन गेली, पुण्यात तिच्या खोलीबाहेर तीन झाडं आहेत. तिथे ती त्यांचं काय करते ते मी विचारलेलं नाही. मागच्या आठवड्यात फोन आला, "आजी, वाळवायची असेल तर किती दिवस ऊन द्यायचं?" दिवस मोजू नकोस म्हटलं. मिरची कानाजवळ धरून हलव, आतलं बी वाजलं पाहिजे.