पद्मिनीचं पाणी कुठे मुरत होतं?

आमच्या १९८६च्या प्रीमियर पद्मिनीच्या रेडिएटरमधलं पाणी आठवड्याला अर्धा लिटर कमी व्हायचं आणि जमिनीवर एक थेंब दिसायचा नाही. रात्रभर गाडीखाली वर्तमानपत्र पसरून ठेवलं, सकाळी ते कोरडं. होजपाइप बदलले, क्लिपा आवळल्या. वॉटर पंप कोरडा होता. ऑइल दुधाळ झालं नव्हतं, सायलेन्सरमधून पांढरा धूर नव्हता, म्हणजे हेड गॅस्केटवरही संशय घेता येईना. घरचे म्हणू लागले, "आता भंगारात दे." गाडी बाबांची होती, म्हणून मी अडून बसलो.

शेवटी एका जुन्या मेस्त्रींनी रेडिएटरच्या तोंडावर हातपंप बसवला आणि आत हवेचा दाब दिला. दहा मिनिटांनी इंजिनच्या बाजूला, पाइपांच्या आड, रुपयापेक्षा जरा मोठी एक पत्र्याची चकती ओली झाली. गाडी चालताना आत दाब असे, तेव्हा तिथून पाणी झिरपे आणि तापलेल्या लोखंडावरच वाफ होऊन जाई. रात्री दाब उतरला की झिरपणं बंद!

"आजवर काय पाजलंत हिला?" मेस्त्रींनी विचारलं.

"नळाचं पाणी."

"मग बरोबर."

त्या 'बरोबर'चा अर्थ शोधत मी शंभरेक वर्षं मागे गेलो. कार्ल बेंझच्या १८८६च्या मोटारीत पाणी उकळून उडूनच जायचं. ऑगस्ट १८८८मध्ये त्याची बायको बेर्था मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला निघाली, तेव्हा तिला वाटेत पुन्हा पुन्हा पाणी भरावं लागलं. १९००च्या सुमारास विल्हेल्म मायबाखने मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर केला आणि तेच ते पाणी थंड करून फिरवता येऊ लागलं. पण युरोप-अमेरिकेच्या हिवाळ्यात ते गोठे. गोठताना पाणी फुगतं आणि इंजिन तडकतं. म्हणून पाण्यात मिसळायला रसायनं आली. १९२७मध्ये अमेरिकेत इथिलिन ग्लायकॉलचं 'प्रेस्टोन' बाजारात आलं. त्याचं नावच पडलं 'अँटिफ्रीझ'.

इथेच आपली फसगत झाली. महाराष्ट्रात गाडीतलं पाणी गोठतंय कुठे? मग कशाला हवं ते? पण आजच्या कूलंटमध्ये गंज रोखणारी द्रव्यंही असतात. नावात फक्त थंडी होती, म्हणून गंजाकडे आपलं लक्षच गेलं नाही.

त्या चकतीचीही तीच गोष्ट. तिला 'फ्रीझ प्लग' म्हणतात. पाणी गोठलं तर ती निसटून इंजिन वाचवते, असा समज आहे. खरं काम वेगळंच. इंजिनचा ब्लॉक ओतताना आतली पोकळी वाळूच्या गाभ्याने राखतात. नंतर ती वाळू काढायला ठेवलेली भोकं या चकत्यांनी बुजवतात. पत्रा पातळ, त्यामुळे आतून गंज चढला की आधी तोच जातो.

बाबा खंडाळ्याच्या घाटात गाडी थांबवायचे, बॉनेट उघडायचे, इंजिन निवायची वाट पाहायचे आणि डिकीतल्या कॅनमधून पाणी ओतायचे. त्यांच्या पिढीतले कितीतरी जण तसंच करत. मी महिनाभर गॅरेजवाल्यांना दोष देत होतो, पण ती चकती आमच्याच मायेने कुजली होती.

कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या या गाड्यांचं मुंबईतलं टॅक्सीपर्व ऑक्टोबर २०२३मध्ये वयोमर्यादेमुळे संपलं. आमची अजून चालते. मेस्त्रींनी पितळेची नवी चकती ठोकली, आतला विटकरी गाळ धुऊन काढला आणि हिरवं कूलंट भरलं. गेल्या पावसाळ्यात घाट चढलो, तेव्हा काटा जागचा हलला नाही. तरी खंडाळ्याला मी थांबलो आणि बॉनेट उघडलं. ओतायचं काहीच नव्हतं. बाबांचा कॅन डिकीतच आहे.