एका वेळी एकच दात

शेलूबाजार हे रस्त्यांचं गाव. कारंज्याहून मालेगावकडे जाणारा जुना नागपूर-संभाजीनगर रस्ता आणि अकोल्याहून मंगरुळपीरला जाणारा रस्ता इथे एकमेकांना छेदतात. ११ डिसेंबर २०२२ ला समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा सुरू झाला आणि गावाला इंटरचेंजही मिळालं. रस्ता रुंद करायचा म्हटलं की कडेची झाडं जातात. खोड आऱ्याने कापता येतं, फांद्या ट्रॉलीत भरून नेता येतात. मागे राहतो तो बुडखा.

बुडखा काढायची आपल्याकडची रीत जुनी आहे. भोवती खड्डा खणायचा, मुळं कुऱ्हाडीने तोडायची, पहार घालून हलवायचा, शेवटी दोर लावून ओढायचा. नाहीतर वर गोवऱ्या रचून दिवसेंदिवस धुमसत ठेवायचा. आता जेसीबी येतो आणि तेच काम थोड्या वेळात करतो. पण मुळांसोबत माती, शेजारची पाइपलाइन आणि कधी कधी भिंतीचा पायाही उचकटतो. उपटण्याऐवजी बुडखा जागच्या जागी किसून काढावा, ही कल्पना इथून सुरू होते. त्यासाठी लागतं दातेरी फिरतं चाक.

हे चाक समजून घ्यायला लांब जायला नको. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलचं दुकान काढलं. पुढे त्यांनी कारखानदारी सुरू केली ती कडबा कापायच्या यंत्रापासून. १९०३ चा प्रसिद्ध लोखंडी नांगर त्यानंतरचा. गोठ्यात दिसणारं चाकाचं कडबाकटर आठवा. त्याचं पातं सरळ नसतं, वाकडं असतं. सरळ पातं कडब्याच्या पेंढीवर एकदम आदळलं असतं आणि हात थांबला असता. वाकडं पातं एका टोकाकडून कापत सरकतं, म्हणून जोर वाटला जातो. फिरत्या हत्याराचा पहिला धडा हाच: सगळं काम एका क्षणात करायचं नाही.

दुसरा धडा ऑस्ट्रेलियातून आला. १९१२ मध्ये आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड या तरुणाने न्यू साउथ वेल्समधल्या गिलगांड्रा इथे, वडिलांच्या शेतावर, फिरत्या पात्यांनी जमीन मोकळी करायचे प्रयोग सुरू केले. पहिली पाती माती बाजूला उधळायची. मग त्याने इंग्रजी ‘एल’ अक्षरासारखी वाकवलेली पाती बनवली. आज आपल्या शिवारात तुरीची धसकटं मातीत मिसळणारा रोटाव्हेटर त्याच कुळातला. कधी तो उभा असताना खाली वाकून बघा. पाती दांड्यावर जिन्यासारखी, गोल चढत गेलेली दिसतील. सगळी एका ओळीत असती तर प्रत्येक फेरीला ट्रॅक्टरला एकच जबर धक्का बसला असता. गोल चढत लावल्यामुळे पाती एकामागून एक मातीत शिरतात आणि गिअरबॉक्स वाचतो.

पण माती वेगळी आणि लाकूड वेगळं. बुडख्याला घासूनही लवकर न झिजणारा दात हवा होता. तो प्रयोगशाळेतून आला, आणि तोही बल्बच्या धंद्यातून. बर्लिनमध्ये ओसराम कंपनीत बल्बची बारीक तार ओढण्यासाठी कठीण साचे हवे होते. १९२३ मध्ये कार्ल श्रोटर याने टंगस्टन कार्बाइडची पूड कोबाल्टसोबत दाबून, भाजून एक नवा पदार्थ तयार केला. क्रुप कंपनीने तो ‘विडिया’ नावाने बाजारात आणला; नावाचा अर्थ ‘हिऱ्यासारखा’. १९६० मध्ये सँडविक एशिया पुण्यात आली आणि कार्बाइडची हत्यारं महाराष्ट्रातही बनू लागली.

हे दोन्ही धडे आणि हा दात बुडख्यावर एकत्र आले अमेरिकेत. १९३० मध्ये ओहायोत एल्म झाडांवरचा ‘डच एल्म’ रोग आढळला. बुरशीचा हा रोग खोडकिड्यांमार्फत आणि जुळलेल्या मुळांमधून पसरत गेला. शहरांतल्या रस्त्यांच्या दुतर्फा लावलेले एल्म रांगेने मेले आणि फुटपाथला खेटून बुडखे उरले. त्याच काळात, १९५० च्या दशकात, आयोवातल्या पेला गावी गॅरी व्हर्मीरच्या कंपनीने बुडखा किसणारं यंत्र बाजारात आणलं. १९४८ मध्ये सुरू झालेली ही कंपनी मूळची शेतीची अवजारं बनवणारी.

आता यंत्राच्या आत डोकावू. समजा, ६० सेंटिमीटर व्यासाचं चाक मिनिटाला १००० फेरे घेतंय. म्हणजे दाताचं टोक ताशी सुमारे ११३ किलोमीटर वेगाने धावतंय. समृद्धीवर कारला १२० ची मर्यादा आहे. चाकावर २० दात असतील तर सेकंदाला ३३३ घाव. चाक बुडख्यावरून आडवं, सेकंदाला १० सेंटिमीटर सरकवलं, तर प्रत्येक दाताच्या वाट्याला सरासरी जेमतेम ०.३ मिलिमीटर लाकूड येतं. अख्खा बुडखा भुगा होतो तो असा, चिमूट चिमूट.

दात फक्त परिघावर लावून भागत नाही. थोडे डाव्या, थोडे उजव्या अंगाला बाहेर काढावे लागतात, म्हणजे कापलेली खाच चाकाच्या जाडीपेक्षा रुंद राहते. नाहीतर चाक खाचेत अडकतं. धार मात्र रंध्यासारखी तीक्ष्ण ठेवता येत नाही. कार्बाइड कठीण असतं, पण ठिसूळ. बुडख्याच्या मुळांत आपल्याकडे काळी माती, खाली मुरूम, मध्येच चुनखडीचा खडा. पातळ धार पहिल्याच खड्याला तुटेल. म्हणून टोक जरा बोथट, पाठीशी भरपूर पोलाद, आणि दात बोल्टने बसवलेला. मोडला तर तेवढाच बदलायचा. आम्ही सॉफ्टवेअरमध्ये ज्याला मॉड्यूलर म्हणून मिरवतो, ते रोटाव्हेटरचं पातं बदलणाऱ्या मेकॅनिकला सांगावं लागत नाही.

या सगळ्या हुशारीत एक गोष्ट मात्र निसटते. अमेरिकेत या चाकाखाली आलेले कितीतरी एल्म मेलेले होते. आपल्या रस्त्याकडेची झाडं बहुतेकदा जिवंत असताना तोडली जातात. आणि जिवंत झाडाचा बुडखा म्हणजे कचरा नव्हे. सागाला, पळसाला, कडुनिंबाला बुडख्यातून नवे फुटवे येतात. तोडलेल्या खोडातून पुन्हा जंगल उभं करायची पद्धत वनशास्त्रात जुनी आहे. खाली मुळांचा पसारा तयार असल्यामुळे असा फुटवा नव्या रोपापेक्षा झपाट्याने वाढतो. जमिनीखाली वीतभर किसत जाणारं चाक नेमकी हीच शक्यता संपवतं, कारण बुडखा पुन्हा फुटू नये हेही त्याचं कामच आहे.

डांबराखाली येणारा बुडखा काढावाच लागतो, त्यात वाद नाही. पण रस्त्याच्या हद्दीबाहेर, बांधाला लागून राहिलेला कडुनिंबाचा बुडखा निव्वळ साफसफाई म्हणून किसायचा का? हा निर्णय दाताच्या कोनाचा नाही, हद्द आखणाऱ्या माणसाचा आहे. यंत्र अर्ध्या तासात बुडखा संपवेल. तेवढ्या रुंद खोडाचं झाड तिथे पुन्हा व्हायला एका पिढीहून जास्त काळ जाईल.